लोकांना बोलतं करणारी परिषद कशी आखावी: पहिल्यांदाच आयोजन करणाऱ्यांसाठी

तुमच्यावर एखाद्या परिषदेची किंवा मोठ्या बैठकीची जबाबदारी आली आहे, तारीख ठरली आहे आणि भेटेल तो "वक्ते कोण?" एवढंच विचारतो आहे. अशा वेळी हा लेख हाताशी असू द्या. परिषदा, कार्यशाळा आणि संस्थांच्या बैठका आखण्याचं काम मी बरीच वर्षं करते आहे. त्यातून मनात पक्कं बसलं ते असं, की लोकांचा सहभाग त्यांच्या उत्साहाच्या भरवशावर सोडता येत नाही. तो वेळापत्रकात, खुर्च्यांच्या मांडणीत आणि आपण विचारतो त्या प्रश्नात आधीच गुंफावा लागतो. "मोकळेपणाने बोला" असं व्यासपीठावरून कितीही वेळा सांगितलं, तरी ज्यांना एरवी बोलायची सवय असते तेच बोलतात. बाकीचे आपला अनुभव जसा आणला तसाच परत घेऊन जातात, आणि मला ते फार मोठं नुकसान वाटतं.

खालच्या पायऱ्या शक्यतो याच क्रमाने घ्या. वक्ते आणि सभागृह दोन्ही मुद्दाम मागे ठेवले आहेत.

## १. आधी एक वाक्य लिहा

कागदावर हे वाक्य पूर्ण करा: "परिषद आटोपून लोक निघतील तेव्हा..." पुढे जे येईल ते लोकांनी केलेलं किंवा ठरवलेलं काहीतरी असलं पाहिजे.

उदाहरणासाठी ग्रंथालय कर्मचाऱ्यांची एक दिवसाची परिषद धरू. साठ माणसं येणार आहेत. "ग्रंथालयांपुढील आव्हानांवर विचारमंथन" असं लिहिलंत, तर त्यावरून वक्ता निवडता येत नाही, सत्र आखता येत नाही आणि दिवस संपल्यावर परिषद जमली की फसली तेही सांगता येत नाही. "तरुण वाचक परत यावेत म्हणून पुढच्या तीन महिन्यांत करून बघायचा एक प्रयोग प्रत्येक ग्रंथालयाने ठरवलेला असेल" असं लिहिलंत, की लगेच दिसतं: दिवसाच्या शेवटी प्रयोग लिहायला वेळ हवा, त्याआधी इतरांनी काय केलं ते ऐकायला हवं, आणि त्याही आधी वाचक का दुरावले हे सगळ्यांनी मिळून बघायला हवं. दिवस असा शेवटाकडून सुरुवातीकडे आखायचा.

मग स्वतःला विचारा, की हे एकत्र जमणं नक्की कशासाठी आहे. माहिती द्यायला, अनुभवांची देवाणघेवाण करायला, नवं काही सुचवायला, की निर्णय घ्यायला? चारही कामं एकाच सत्रात कोंबली की एकही धड होत नाही. फक्त माहितीच द्यायची असेल तर ती लिहून पाठवा आणि लोकांचा दिवस वाचवा.

इथला सापळा: निर्णय आधीच झालेला असतो आणि लोकांना "चर्चेला" बोलावलं जातं. लोकांना हे पहिल्या अर्ध्या तासात कळतं. त्यानंतर ते गप्प बसतात, आणि पुढच्या परिषदेलाही ते गप्पच असतात. म्हणून निमंत्रणातच तीन गोष्टी वेगवेगळ्या लिहा: काय ठरून गेलं आहे, कशावर तुमचं मत हवं आहे, आणि काय तुम्हीच ठरवायचं आहे. तिसऱ्या रकान्यात एकच छोटी बाब असली तरी चालेल, पण ती खरी असू द्या.

## २. कोणाला बोलवायचं ते ठरवा आणि नोंदणीतच दोन प्रश्न विचारा

ज्या कामावर चर्चा होणार ते प्रत्यक्ष करणारी माणसं खोलीत हवीत. त्या कामाचा परिणाम ज्यांच्यावर होतो तीही हवीत. ग्रंथालयांच्या परिषदेला एकही तरुण वाचक नसेल, तर दिवसभर त्यांच्याविषयी फक्त अंदाज बांधले जातील.

नोंदणीच्या अर्जात नाव आणि संस्था याखेरीज एवढंच विचारा:

- या विषयातला तुमचा कोणता अनुभव इतरांच्या उपयोगी पडेल?
- कोणत्या प्रश्नाचं उत्तर शोधत तुम्ही येत आहात?

पहिला प्रश्न वरवर साधा दिसतो, पण त्यामागे भक्कम कारण आहे. गॅरोल्ड स्टॅसर आणि विल्यम टायटस या मानसशास्त्रज्ञांनी १९८५ साली दाखवून दिलं, की गट चर्चेला बसतो तेव्हा सगळ्यांना आधीच माहीत असलेल्या गोष्टींवरच जास्त बोलतो. एखाद्याच व्यक्तीकडे असलेली माहिती बाहेर येत नाही, आणि चांगला निर्णय बहुतेकदा त्या माहितीवरच अडलेला असतो. कोणाकडे काय आहे हे अर्जातून आधी कळलं, की त्या व्यक्तीला फोन करून "हे तुम्ही जरूर सांगा" असं म्हणता येतं. मी आलेली सगळी उत्तरं छापून भिंतीवर लावते. येणारे लोक पहिल्या दहा मिनिटांत ती वाचतात आणि कोणाशी बोलायचं ते मनाशी ठरवतात.

दुसऱ्या प्रश्नाच्या उत्तरांतून सत्रांचे विषय निघतात. आयोजकांनी आधी ठरवलेले विषय आणि ही उत्तरं यांचा मेळ बसत नसेल, तर विषय बदला.

## ३. बोलण्याच्या वेळेचं गणित करा

साठ माणसं आणि तीस मिनिटांची खुली चर्चा म्हणजे सगळे सारखे बोलले तरी प्रत्येकाच्या वाट्याला अर्धं मिनिट. प्रत्यक्षात पाच-सहा जण बोलतात आणि चोपन्न जण ऐकतात. याच साठ माणसांना तिघातिघांत बसवलं, तर तेवढ्याच तीस मिनिटांत प्रत्येकाला दहा मिनिटं मिळतात. कार्यक्रमाच्या प्रत्येक सत्रापुढे हा आकडा लिहून बघा: एका माणसाला किती वेळ बोलता येईल?

माझा स्वतःचा नियम असा, की दिवसातला निदान अर्धा वेळ लोकांनी आपसात बोलण्यासाठी राखून ठेवायचा, आणि वेळ कमी पडला तर भाषण कापायचं, चर्चा नाही. सगळीकडे याच्या उलट होताना दिसतं. पहिला वक्ता लांबतो, दुसरा लांबतो, आणि शेवटी "वेळेअभावी प्रश्नोत्तरं घेता येत नाहीत" अशी घोषणा होते.

मधली सुट्टी अर्ध्या तासापेक्षा कमी ठेवू नका. पंधरा मिनिटं रांगेत आणि स्वच्छतागृहात जातात. ओळखीपाळखी त्यानंतर सुरू होतात.

## ४. प्रत्येक सत्राचा साचा निवडा

भाषण आणि परिसंवाद यांच्या पलीकडे अनेक साचे आहेत. नवख्यांनी एका दिवसात दोन किंवा फार तर तीन वापरावेत. दर तासाला नवा प्रकार आणला तर लोकांची शक्ती नियम समजून घेण्यातच जाते.

एक-दोन-चार-सगळे. फक्त एकच साचा शिकायचा असेल तर हा शिका. हेन्री लिपमानोविच आणि कीथ मॅककँडलेस यांनी तो प्रचारात आणला. प्रश्न मांडल्यावर एक मिनिट प्रत्येकाने एकट्याने विचार करून लिहायचं, दोन मिनिटं जोडीत बोलायचं, चार मिनिटं चौघांत बोलायचं आणि शेवटची पाच मिनिटं प्रत्येक चौकडीने एक मुद्दा सगळ्यांसमोर ठेवायचा. बारा मिनिटांत खोलीतला प्रत्येक जण बोललेला असतो.

यातलं पहिलं शांत मिनिट घाईत वगळलं जातं, आणि तिथेच साचा बिघडतो. गटाने मिळून कल्पना सुचवाव्यात ही ब्रेनस्टॉर्मिंगची पद्धत ॲलेक्स ऑस्बोर्न यांनी लोकप्रिय केली. पण मायकेल डील आणि वोल्फगांग श्ट्रोबे यांच्या १९८७ सालच्या प्रयोगांत वेगळंच दिसलं. तेवढीच माणसं एकेकटी बसली, तर गटापेक्षा जास्त कल्पना सुचतात. मुख्य कारण असं, की गटात एका वेळी एकच जण बोलू शकतो. बाकीचे आपली पाळी येईपर्यंत थांबतात आणि तोवर सुचलेलं मागे पडतं. म्हणून आधी एकट्याने लिहायचं आणि मग बोलायचं, हा क्रम कुठल्याही साच्यात पाळा.

वर्ल्ड कॅफे. ही पद्धत १९९५ साली हुआनिता ब्राउन आणि डेव्हिड आयझॅक्स यांच्या कॅलिफोर्नियातल्या घरी जमलेल्या एका बैठकीतून आकाराला आली. चार-पाच जणांची लहान टेबलं, टेबलावर अंथरलेला मोठा कागद आणि पेनं. वीस मिनिटांची एक फेरी झाली की टेबलाचा यजमान तिथेच थांबतो आणि बाकीचे वेगवेगळ्या टेबलांकडे जातात. यजमान नव्या मंडळींना आधी काय बोलणं झालं ते मिनिटभरात सांगतो. तीन फेऱ्यांमध्ये एक विषय साठ माणसांत फिरून येतो. नवख्या आयोजकांना दोन अडचणी हमखास येतात. एक म्हणजे गट जसाच्या तसा उठून पुढच्या टेबलावर जातो; तेव्हा "पांगून बसा" हे आधीच स्पष्ट सांगा. दुसरी म्हणजे यजमानच भाषण ठोकू लागतो; तेव्हा यजमानांना सकाळीच दहा मिनिटं बाजूला घेऊन त्यांचं काम समजावून द्या.

ओपन स्पेस. हॅरिसन ओवेन यांनी मोठ्या मेहनतीने एक परिषद भरवली आणि लोकांना त्यात सगळ्यात जास्त आवडल्या त्या कॉफीच्या सुट्ट्या. त्यावरून त्यांनी १९८५ साली अख्खी परिषदच सुट्टीच्या धर्तीवर आखून पाहिली. यात विषय आधी ठरलेले नसतात. सगळे गोल बसतात. ज्याला एखाद्या विषयाची खरी आस्था आहे तो मधे येऊन विषय कागदावर लिहितो, मोठ्याने वाचतो आणि भिंतीवरच्या वेळ-जागेच्या तक्त्यात लावतो. मग ज्याला जिथे जायचं तिथे तो जातो. मुख्य नियम दोन पायांचा: जिथे तुम्ही काही शिकत नाही आणि काही देतही नाही, तिथून उठा आणि दुसरीकडे जा. आपल्याकडून कोणी उठून गेलं तर मनाला लावून घ्यायचं नाही, हेही सुरुवातीलाच सांगावं लागतं.

पहिल्यांदा करताना भीती वाटते, की कोणी विषयच मांडला नाही तर? गोलात शांतता पसरते, आणि त्या शांततेत आयोजकाने स्वतः विषय सुचवायचा मोह टाळायचा असतो. पहिली व्यक्ती उठली की मागोमाग दुसरे येतात. मात्र हा साचा निर्णय आधीच झालेला असताना, किंवा वरिष्ठांना शेवटी काय यावं हे पक्कं ठाऊक असताना वापरू नका.

फिशबोल. परिसंवादाऐवजी वापरा. मधे पाच खुर्च्यांचं छोटं वर्तुळ, बाहेर बाकीचे. चार खुर्च्यांवर बोलणारे बसतात, पाचवी रिकामी असते. बाहेरच्या कोणालाही बोलायचं असेल तर त्याने येऊन रिकाम्या खुर्चीवर बसायचं, आणि आधीच्या चौघांपैकी एकाने उठून जागा करून द्यायची. मतभेद असलेल्या विषयांना हे उत्तम चालतं.

छोटी मांडणी. २००३ साली तोक्योत ॲस्ट्रिड क्लाइन आणि मार्क डायथम या वास्तुरचनाकारांनी पेचाकुचा सुरू केलं: २० स्लाइड, प्रत्येकी २० सेकंद, स्लाइड आपोआप पुढे सरकणार. एकूण ६ मिनिटं ४० सेकंद. वक्त्याला लांबता येतच नाही.

आपल्या ग्रंथालय परिषदेचा दिवस मग साधारण असा दिसेल:

- १०:०० ते १०:३० – दिवसाचा उद्देश, जोड्यांमध्ये ओळख
- १०:३० ते ११:१५ – करून पाहिलेल्या तीन प्रयोगांची छोटी मांडणी, प्रत्येकीनंतर जोडीत बोलणं
- ११:१५ ते ११:४५ – सुट्टी
- ११:४५ ते १:१५ – "तरुण वाचक कधी थांबतात, कधी निघून जातात?" यावर टेबलांच्या तीन फेऱ्या आणि अर्धा तास एकत्र मांडणी
- १:१५ ते २:१५ – जेवण
- २:१५ ते ४:०० – ओपन स्पेस: वीस मिनिटं विषय मांडायला, मग चाळीस-चाळीस मिनिटांच्या दोन खेपा
- ४:०० ते ४:४५ – प्रत्येक ग्रंथालयाने आपला प्रयोग लिहायचा आणि दुसऱ्या एका ग्रंथालयाला समजावून सांगायचा
- ४:४५ ते ५:०० – समारोप

ओळखीची फेरी साठ जणांत माईक फिरवून करू नका. प्रत्येकी एक मिनिट धरलं तरी तासभर जातो आणि दहाव्या नावानंतर कोणाच्या काही लक्षात राहत नाही.

## ५. प्रश्नावर मेहनत घ्या

चर्चा फिकी झाली की आयोजक लोकांना दोष देतात. दोष बहुधा प्रश्नात असतो. "तंत्रज्ञानाचं महत्त्व काय?" असं विचारलं तर सगळे पाठ केलेलं उत्तर देतात. "गेल्या वर्षभरात एखादा तरुण वाचक तुमच्याकडे पुन्हा आला, तो कशामुळे?" असं विचारलं की प्रत्येकाला काहीतरी घडलेलं आठवतं, आणि घडलेलं सांगताना माणूस संकोचत नाही. चांगला प्रश्न एका दमात वाचता येतो, त्याला हो किंवा नाही असं उत्तर नसतं, आणि त्याचं उत्तर विचारणाऱ्यालाही आधी माहीत नसतं.

प्रश्न ठरला की तो परिषदेशी संबंध नसलेल्या दोघांना विचारून बघा. त्यांनी "म्हणजे काय?" असं विचारलं तर शब्द बदला. आणि चर्चा सुरू असताना प्रश्न सगळ्यांना दिसेल असा मोठ्या अक्षरात लिहून ठेवा.

## ६. वक्त्यांशी आधी बोला

निमंत्रणाच्या पत्रातच वक्त्याला सांगा: बोलायला वीस मिनिटं, त्यातल्या दहाव्या मिनिटाला थांबून श्रोत्यांना जोडीत बोलायला तीन मिनिटं द्यायची आहेत. हा थांबा कुठे आणि कोणता प्रश्न विचारून घ्यायचा, हे त्यांच्यासोबत बसून ठरवा. बहुतेक वक्ते आनंदाने तयार होतात. कोणी सांगितलेलं नसतं म्हणून ते करत नाहीत, एवढंच.

वेळ संपत आल्याची पाटी दाखवणारी व्यक्ती पहिल्या रांगेत बसवा आणि वक्त्याची तिच्याशी आधी ओळख करून द्या. थोर व्यक्तीला थांबवायचं कसं, या संकोचातून कार्यक्रम कोलमडतात. ओळख झालेली असली की पाटी दाखवणं अपमानाचं वाटत नाही.

## ७. खोली आणि साहित्य

सभागृह ठरवण्यापूर्वी एकच प्रश्न विचारा: खुर्च्या हलतात का? जमिनीला पक्क्या खुर्च्यांच्या उतरत्या सभागृहात वर्ल्ड कॅफे किंवा ओपन स्पेस होणार नाही. तिथे फार तर जोड्या करता येतील. साठ माणसांसाठी शंभर माणसं मावतील अशी सपाट, उजेडाची खोली शोधा आणि ज्यावर कागद चिकटवता येतील अशी भिंत आहे का ते बघा. चिकटपट्टीला परवानगी आहे का, हे आधी विचारा. काही ठिकाणी रंग निघतो म्हणून ऐनवेळी अडवतात. व्हीलचेअरने येणाऱ्या व्यक्तीला दारातून, टेबलांमधून आणि बोलण्याच्या जागेपर्यंत जाता येतं का, हे स्वतः चालून बघा.

सोबत लागणारं साहित्य:

- जाड टोकाचे मार्कर, माणशी एक (बारीक पेनाने लिहिलेलं भिंतीवरून वाचता येत नाही)
- चिकटचिठ्ठ्या, किमान दोन रंगांच्या
- टेबलांवर अंथरायला मोठे कागद
- फ्लिपचार्ट आणि त्याचे सुटे कागद
- भिंतीला चालणारी चिकटपट्टी
- मतदानासाठी गोल स्टिकर
- दोन कॉर्डलेस माईक आणि त्यांचे जादा सेल
- सगळ्यांना दिसेल असं मोठं घड्याळ, आणि घंटा किंवा शिट्टी
- मोठ्या अक्षरांतले नावाचे बिल्ले, ज्यावर पदापेक्षा नाव ठळक असेल

"माझा आवाज मोठा आहे, मला माईक नको," असं म्हणणाऱ्यालाही माईक द्या. ज्यांना कमी ऐकू येतं ते हात वर करून तसं सांगत नाहीत, ते नुसते बाहेर पडतात.

## ८. प्रत्यक्ष दिवशी: शांतता सहन करा आणि पहिला प्रश्न जपून द्या

सत्र चालवणारी व्यक्ती, म्हणजे सुलभक, आणि विषयावर मत असलेली व्यक्ती वेगवेगळी ठेवा. ज्याला स्वतः बोलायचं आहे त्याला इतरांना बोलतं करणं कठीण जातं.

प्रश्न विचारून झाला की थांबा. मेरी बड रो यांनी १९७० च्या दशकात वर्गांचा अभ्यास केला. शिक्षक प्रश्न विचारल्यावर सरासरी जेमतेम एक सेकंद थांबतात असं त्यांना दिसलं. हेच थांबणं तीन सेकंदांवर नेलं, तर उत्तरं लांब आणि विचारपूर्वक येऊ लागली, आणि एरवी न बोलणारी मुलंही बोलू लागली. मोठ्यांच्या बैठकीत मी मनात दहापर्यंत आकडे मोजते. सुरुवातीला हे फार अवघड जातं, पण सातव्या-आठव्या आकड्याला कोणीतरी बोलतं.

प्रश्नोत्तरांना थेट "कोणाला काही विचारायचं आहे का?" असं म्हणून सुरुवात करू नका. आधी दोन मिनिटं शेजारच्याशी बोलू द्या आणि मग प्रश्न घ्या. शेजाऱ्याने "हे विचार ना" म्हटलेला माणूस हात वर करतो. पहिला प्रश्न कोण विचारतं यावरही पुढचं बरंच अवलंबून असतं. १० देशांतल्या सुमारे २५० शैक्षणिक चर्चासत्रांचं निरीक्षण करून ॲलेसिया कार्टर आणि सहकाऱ्यांनी २०१८ साली मांडलं, की स्त्रिया पुरुषांपेक्षा खूप कमी प्रश्न विचारतात, आणि पहिला प्रश्न पुरुषाचा असेल तर हे प्रमाण आणखी घसरतं. अनेक हात वर असतील तर पहिली संधी स्त्रीला, तरुणाला किंवा अजून न बोललेल्या माणसाला द्या. हे अगदी सहज करता येतं आणि सत्राचा सूर त्याने बदलतो.

कोणी प्रश्नाच्या नावाखाली भाषण करू लागलं तर माईक हातातून देऊ नका. तो सुलभकानेच धरायचा. मधेच थांबवायचं असेल तर त्या व्यक्तीचं शेवटचं वाक्य उचला: "तुम्ही निधीचा मुद्दा मांडलात, तो मी इथे लिहिते. यावर आणखी कोणाचा अनुभव आहे?" मुद्दा सगळ्यांच्या डोळ्यांसमोर लिहिला गेला की बोलणारा शांत होतो.

## ९. काही जण ऑनलाइन असतील तर

अर्धे खोलीत आणि अर्धे पडद्यावर ही सगळ्यात अवघड मांडणी आहे. जमलं तर टाळा, आणि सगळे प्रत्यक्ष किंवा सगळे ऑनलाइन असं करा. टाळता येत नसेल तर खोलीतल्या एका व्यक्तीला फक्त ऑनलाइन मंडळींचं काम द्या: त्यांचे प्रश्न वाचायचे, आवाज नीट येतो का ते बघायचं, भिंतीवरच्या कागदांचे फोटो पाठवायचे. प्रत्येक फेरीत पहिली संधी ऑनलाइन असलेल्यांना द्या. पडद्यावर छोटे गट करताना तिघा-चौघांपेक्षा जास्त घालू नका, आणि गटात पाठवण्याआधी प्रश्न चॅटमध्ये लिहा, कारण गटात गेल्यावर तो कोणालाच आठवत नाही.

## १०. निर्णय कसा होणार हे आधी सांगा

सल्ला घेऊन एक व्यक्ती ठरवणार, मतदान होणार, की सगळ्यांची संमती लागणार? यातलं काय ते चर्चेच्या आधी जाहीर करा. नंतर सांगितलं की फसवणूक झाल्यासारखं वाटतं.

स्टिकर लावून मतदान झटपट होतं, पण तीन गोष्टी सांभाळा. सारखे पर्याय आधी एकत्र करा, नाहीतर एकाच चांगल्या कल्पनेची मतं तीन चिठ्ठ्यांत विभागली जातात. सगळ्यांनी आपली निवड आधी कागदावर लिहून मग एकदम स्टिकर लावावेत, नाहीतर जिथे गर्दी दिसते तिथेच पुढचे स्टिकर पडतात. आणि वरिष्ठांनी सगळ्यात शेवटी लावावेत. होकाराला हिरवा आणि नकाराला लाल असं करू नका; लाल-हिरव्यातला फरक न दिसणारे लोक, विशेषतः पुरुष, तुम्हाला वाटतं त्यापेक्षा जास्त असतात.

एकत्र काम करणाऱ्या गटासाठी मला संमतीची पद्धत जास्त पटते. नेदरलँड्समध्ये गेरार्ड एंडेनबर्ग यांनी ती आपल्या कंपनीत रुजवली. यात "सगळ्यांना पटलं का?" असं विचारत नाहीत. "हे करून बघायला कोणाची कारणासह हरकत आहे का?" असं विचारतात. हरकत आली की ती दूर होईल असा बदल प्रस्तावात करतात. अगदी मनापासून पसंत नसलेली, पण करून बघायला हरकत नसलेली गोष्ट त्यामुळे पुढे सरकते.

## ११. नोंद ठेवा आणि लगेच पाठवा

प्रत्येक टेबलावर एकाने लिहायचं. दिवसाच्या शेवटी सगळे कागद क्रमांक घालून फोटोत घ्या. संवेदनशील विषय असेल तर चॅटम हाउसचा नियम सुरुवातीलाच सांगा. लंडनमधल्या त्या संस्थेने १९२७ साली तो घालून दिला: इथे मिळालेली माहिती वापरायला मोकळीक आहे, पण ती कोणी सांगितली, कोणत्या संस्थेच्या माणसाने सांगितली, किंवा आणखी कोण हजर होतं, हे उघड करायचं नाही. मग तुमच्या इतिवृत्तातही नावं घालू नका.

सविस्तर अहवालाची वाट बघू नका. दोन दिवसांच्या आत एक पान पाठवा: काय ठरलं, कोण करणार, कधीपर्यंत. ग्रंथालयांच्या बाबतीत सगळ्यांचे प्रयोग एकाच यादीत पाठवा आणि ज्यांनी परस्परांना प्रयोग समजावून सांगितला त्या जोड्यांनी दीड महिन्याने एकमेकांना फोन करायचा, ही तारीख परिषदेतच ठरवून टाका. आयोजकांच्या पाठपुराव्यापेक्षा जोडीदाराचा फोन जास्त कामाला येतो.

अभिप्रायाच्या अर्जात "कार्यक्रम कसा वाटला?" असं विचारलं की "छान" एवढंच येतं. त्याऐवजी विचारा: आज कोणाशी बोलणं झालं ते पुढे चालू राहील? कोणत्या वेळी तुम्हाला उठून जावंसं वाटलं? काय सांगायचं राहून गेलं? तिसऱ्या प्रश्नाची उत्तरं पुढच्या परिषदेच्या विषयांसाठी जपून ठेवा.

## आठवड्याच्या छोट्या बैठकीसाठी

आठ-दहा जणांच्या नेहमीच्या बैठकीला एवढा खटाटोप लागत नाही. दोन पद्धती पुरतात.

विषय गुंतागुंतीचा असेल तर तो आधी गद्यात लिहून काढा आणि बैठकीच्या सुरुवातीला सगळ्यांनी तिथेच शांतपणे वाचा. ॲमेझॉनमध्ये स्लाइडऐवजी अशी सहा पानांपर्यंतची टिपणं वापरतात आणि बैठक वाचनानेच सुरू होते. "घरून वाचून या" असं सांगितलं तर काही जण वाचतात, काही नाही, आणि मग न वाचलेल्यांना समजावण्यात वेळ जातो. इथे सगळे एकाच ठिकाणाहून सुरुवात करतात.

विषय बरेच आणि लहान असतील तर लीन कॉफी वापरा. जिम बेन्सन आणि जेरेमी लाइटस्मिथ यांनी २००९ साली सिॲटलमध्ये ती सुरू केली. प्रत्येकाने आपले विषय चिठ्ठ्यांवर लिहायचे, एका वाक्यात सांगायचे आणि प्रत्येकी दोन मतं देऊन क्रम लावायचा. पहिल्या विषयाला आठ मिनिटांचा गजर लावा. गजर वाजला की सगळ्यांनी अंगठा वर किंवा खाली करून सांगायचं, की आणखी वेळ हवा की नको. बहुतेक अंगठे वर असतील तर चार मिनिटं वाढवा. खाली असतील तर जे ठरलं ते चिठ्ठीच्या मागे लिहा, ती बाजूला ठेवा आणि पुढची घ्या.